पोलो खाली बसवली: स्प्रिंगा चढल्या, आकडे आले

माझ्या फोक्सवॅगन पोलोची उंची कमी करायला छोट्या स्प्रिंगांचं किट आणलं होतं. मागच्या नोंदीत त्या स्प्रिंगा खोक्यात होत्या, आता गाडीखाली आहेत. फोटो बघून ‘मस्त बसलीये’ म्हणता येतं, पण त्यातून कुणाला काही कळत नाही, म्हणून आधी आकडे. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कमानीपर्यंत पुढे 388 मिमी होतं, ते 352 झालं. मागे 392 चं 361. म्हणजे गाडी पुढे 36 आणि मागे 31 मिमी बसली. खोक्यावर छापलं होतं 25.

(माप नेहमी चाकाच्या मध्यापासून घ्या, जमिनीपासून नको. टायरमधली हवा कमी-जास्त असली की जमिनीपासूनचं माप बदलतं. गाडी सपाट जागी हवी, चाकं सरळ, हँडब्रेक सोडलेला. आमच्या पार्किंगचा उतार मी गवंड्याच्या पाणसळीने तपासून घेतला.)

हा फरक स्प्रिंगांचा दोष नाही. किट युरोपातल्या पोलोसाठी बनवलेलं, आणि खोक्यावरचा 25 चा आकडा तिथल्या गाडीच्या उंचीवरून धरलेला. आपल्या चाकणच्या पोलोला कंपनीने इथल्या रस्त्यांसाठी मुळातच उंच ठेवलं होतं, कागदावर 165 मिमी क्लीअरन्स (गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर). उंच गाडीला तीच छोटी स्प्रिंग घातली की गाडी छापील आकड्यापेक्षा जास्त बसणार. परदेशी किट घेणाऱ्यांनी ‘किती मिमीने खाली’ असं न विचारता ‘बसल्यावर कमानीचं माप किती’ असं विचारावं. आणखी एक गोष्ट बघायची ती पुढच्या ॲक्सलचं वजन. माझी 1.5 टीडीआय, डिझेल इंजिन जड. पेट्रोलवाल्याच्या स्प्रिंगा स्वस्तात मिळत होत्या, त्या घेतल्या असत्या तर नाक अजून खाली गेलं असतं.

आमच्या मजल्यावरचे काका खाली येऊन बराच वेळ बघत उभे होते. शेवटी म्हणाले, “एवढे पैसे घालून गाडी खाली बसवतोस? पाच माणसं बसव, फुकटात बसेल.”

काकांचं गणित अगदीच चुकीचं नाही. पाच माणसांनी गाडी बसते ती दाबाची जागा खाऊन, स्प्रिंग मात्र तेवढीच मऊ राहते. छोटी स्प्रिंग उंची कमी करते आणि उरलेल्या कमी जागेत काम भागावं म्हणून कडकही असते. खाली बसवण्यातला खरा हिशोब या उरलेल्या जागेचा आहे. चाक वर जाताना बंप स्टॉपला (चाकाचं वर जाणं अडवणाऱ्या रबराच्या ठोकळ्याला) भिडेपर्यंत किती मिलिमीटर शिल्लक राहतात, हे दिसण्यापेक्षा महत्त्वाचं. ती जागा संपली की कितीही भारी शॉकअप असू द्या, गाडी रबरावर चालते.

काही गॅरेजांत अजून मूळ स्प्रिंगच कापून देतात. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात बदलतो. पाच वेटोळ्यांतलं एक कापलं तर कडकपणा सव्वापट होतो. इथवर ठीक. पण स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसेल असं वळवलेलं असतं, ते कापण्यात जातं. चाक हवेत लोंबकळलं की कापलेली स्प्रिंग सैल पडून जागेवरून सरकू शकते. गॅसकटरने तापवून बसवलेली तर त्याहून वाईट, कारण पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं. माझ्या किटच्या स्प्रिंगा प्रोग्रेसिव्ह आहेत. वरची वेटोळी जवळजवळ आहेत, ती आधी एकमेकांना टेकतात, मग काम करणारी वेटोळी कमी उरतात आणि स्प्रिंग कडक होत जाते.

आता गतिरोधक. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या आयआरसी 99 मध्ये नमुन्याचा गतिरोधक दिलेला आहे: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर, गोलाई 17 मीटर त्रिज्येची, ताशी 25 किमी वेगाने ओलांडण्यासाठी. पोलोचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साधारण 2.46 मीटर. चारही चाकं या गतिरोधकावर असताना मधला उंचवटा चाकांच्या रेषेपेक्षा जेमतेम 45 मिमी वर येतो (व्हीलबेसचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट). इंजिनखालच्या पत्र्याशी माझा क्लीअरन्स 163 होता, आता 128. म्हणजे नियमातल्या गतिरोधकावर 80 मिमीच्या वर जागा शिल्लक. निवांत.

पण नियमातला गतिरोधक भेटतो कुठे? आमच्या सोसायटीच्या फाटकातला सिमेंटचा उंचवटा मी टेपने मोजला: उंची 110, रुंदी फक्त 350. इतका अरुंद असला की तो दोन चाकांच्या मध्ये पूर्ण उंचीनिशी उभा राहतो. 128 वजा 110, उरले 18 मिमी, आणि तेही गाडीत मी एकटा असताना. मागे तीन जण बसले की तो उंचवटा तिरका काढावा लागतो. ज्यांच्या रोजच्या रस्त्यावर असे उंचवटे आहेत त्यांनी किट मागवण्याआधी टेप घेऊन एक चक्कर मारावी.

काम मागून सुरू केलं, कारण मागचं सोपं आहे. पोलोला मागे टॉर्शन बीम आहे (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा), स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे. पुढच्या चाकांना उटी लावली, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवली. जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. बीमला जॅकचा आधार देऊन दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढले आणि बीम हळूहळू उतरवला. नजर ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर. स्प्रिंग हातानेच निघाली, दाबायचं हत्यार लागलं नाही. रबराच्या बैठका धुऊन, टोक खाचेत बसवून नव्या चढवल्या. मागच्या शॉकअपला तेलाचा ओलावा दिसत होता, ते दोन्ही नवे टाकले.

पुढच्या बाजूला वेळ जातो. मॅकफर्सन स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाचं) खालचं टोक हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, पकडीत घट्ट असतं. आमच्या गाडीने कोकणातली खारी हवा बरीच खाल्ली आहे, म्हणून बोल्टवर आदल्या रात्रीच डब्ल्यूडी-40 मारून ठेवलं होतं. बोल्ट निघाला तरी पकड सैल होत नाही. त्या फटीत घालून 90 अंश फिरवायचं एक छोटं हत्यार येतं, फोक्सवॅगनच्या यादीत त्याचा नंबर 3424. फट उघडली की हब खाली दाबून स्ट्रट मोकळा करायचा. छिन्नी ठोकून फट उघडणारे आहेत, मला ते पटत नाही. हब बिडाचा असो की ॲल्युमिनियमचा, त्याला छिन्नी दाखवू नये. हब खाली जाताना ड्राइव्ह शाफ्ट बाहेरच्या बाजूला ओढला जात नाही ना, तेही बघायचं. स्ट्रटला अँटीरोल बारशी जोडणारी लिंक रॉड आधीच सोडलेली बरी.

मग स्प्रिंग कॉम्प्रेसर. या सगळ्या कामात मला भीती वाटते ती इथेच. कडकपणा मिलिमीटरला 25 न्यूटन धरला आणि स्प्रिंग 100 मिमी दाबली तर तिच्यात 125 जूल ऊर्जा साठते. भरलेला स्वयंपाकाचा सिलिंडर जवळपास अर्ध्या मीटरवरून पायावर पडावा, तेवढी. दोन्ही हुक समोरासमोर लावायचे, आळीपाळीने थोडंथोडं आवळायचं, आणि स्प्रिंगच्या टोकांच्या रेषेत स्वतः उभं राहायचं नाही. माझ्या मावसभावाला बॅटरीची इम्पॅक्ट गन वापरायचा मोह होत होता, त्याला चहा करायला वर पाठवलं. स्प्रिंग सैल पडून दोन्ही बैठकांत हलायला लागल्याशिवाय वरच्या नटला हात लावायचा नाही. नवी स्प्रिंग छोटी असल्यामुळे तिला फारसं दाबावंच लागलं नाही. स्ट्रट उघडलाच होता म्हणून वरचं बेअरिंग आणि रबर माउंट नवं टाकलं. ते भाग महाग नसतात, आणि त्यासाठी पुन्हा सगळं उघडणं जिवावर येतं.

जोडताना जे बोल्ट ठरलेल्या टॉर्कनंतर अमुक अंश फिरवून आवळतात ते एकदा ताणले जातात. ते जुने परत वापरायचे नाहीत. चाकाचे बोल्ट 120 न्यूटन-मीटर.

एक गोष्ट बरेच जण टाळतात. खालच्या आर्मचे रबर बुश दोन्हीकडून धातूला चिकटवलेले असतात, त्यामुळे आर्म हलला की रबर पिळलं जातं. आर्मची लांबी एक फूट धरली तर 36 मिमी खाली बसल्यावर तो कायमचा सहा-सात अंशांनी फिरलेला राहतो. म्हणून चाकं जमिनीवर आल्यावर, गाडीचा भार असताना ते बोल्ट ढिले करून पुन्हा आवळले. मागच्या शॉकअपचे खालचे बोल्टही तसेच. त्यासाठी गाडी लाकडी फळ्यांवर चढवली, नाहीतर खाली सरकायला जागाच नव्हती. खाली बसवलेल्या गाडीचा हा पहिला प्रसाद.

आठवड्याभराने व्हील अलाइनमेंट. स्प्रिंगा थोड्या बसतात, तोवर थांबलेलं बरं. माझ्या दोन-तीन मिमी बसल्या, वरचे आकडे त्यानंतरचे आहेत. पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) थोडा निगेटिव्ह झालाय, म्हणजे चाकं वरून आत झुकलीत, तो राहू दिला. टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर वळलेली असणं) मात्र सरळ करून घेतला, कारण टायर आतून खाल्ले जातात ते बहुतेक टो बिघडल्यामुळे, नाव मात्र कॅम्बरचं होतं. मागे टॉर्शन बीम, तिथे फिरवायला काही नाही.

चालवायला कशी झालीये? ताम्हिणीच्या वळणांत आधी गाडी कलंडायची, मग वळायची. आता स्टिअरिंग फिरवलं की लगेच वळते. लहान खड्डे कानाला जास्त ऐकू येतात. पुलांचे सांधे ठकठक करतात. हायवेवरच्या लांब लाटांवर मात्र गाडी मूळपेक्षा शांत आहे, आणि त्याचं बरंचसं श्रेय नव्या शॉकअपला. फक्त स्प्रिंगा बदलून दमलेल्या शॉकअपवर कोणी मत बनवू नये.

कागदोपत्री बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नसतो. प्रमाणपत्रावर गाडीची उंची नसते म्हणून आपण सुटलो, असं मी तरी धरून चाललेलो नाही. विमा कंपनीला लेखी कळवलंय. मूळ स्प्रिंगा पुढची-मागची, डावी-उजवी अशा चिठ्ठ्या लावून, तेलाचा हात मारून माळ्यावर ठेवल्या आहेत.

उरलेलं काम हेडलाइटचं. पुढचं नाक मागच्यापेक्षा 5 मिमी जास्त बसल्यामुळे झोत जवळ पडतोय, तो भिंतीसमोर उभं करून लावून घेईन. 195/55 आर 15 टायरचा विचार होता, पण 185/60 पेक्षा त्यांचा व्यास साडेसात मिमीने कमी, म्हणजे क्लीअरन्स आणखी पावणेचार मिमी जाणार. फाटकातल्या उंचवट्यावर शिल्लक आहेत 18. तेव्हा सध्याचे टायर झिजेपर्यंत तो विषय बंद.