टायरवरचा आकडा आणि आपले वजन

सायकलच्या टायरच्या कडेला उठवलेला दाबाचा आकडा ही बहुधा कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ नसतो, हे मला फार उशिरा कळले. माझ्या ३२ मिलिमीटर रुंदीच्या टायरवर ८५ पीएसआय लिहिलेले असल्यामुळे पहिली दोन वर्षे मी इमानेइतबारे तेवढी हवा भरत होतो, आणि खडकवासल्यावरून डोणज्याला पोहोचेपर्यंत माझे तळहात बधिर झालेले असत.

गुळगुळीत पृष्ठभागावर टायर जितका कडक, तितका तो कमी दबतो आणि रबराच्या दबण्या-फुगण्यात वाया जाणारी शक्तीही घटते. खडी वर आलेल्या डांबरावर मात्र कडक टायर प्रत्येक उंचवट्यावर उसळतो, ते हादरे आपल्या शरीरात जिरतात आणि पायांनी लावलेला जोर त्यातच खर्ची पडतो. सायकल खडखडते म्हणून ती वेगाने पळते आहे असे वाटते. तो निव्वळ भास असतो.

स्वार बसल्यावर टायरची उंची साधारण १५ टक्के दबावी, हा ठोकताळा फ्रँक बर्टो या अमेरिकी लेखकाच्या मोजमापांमुळे रूढ झाला. माझ्या टायरच्या बाबतीत हे दबणे जेमतेम ५ मिलिमीटर भरते. मागच्या चाकावर एकूण भाराचा निम्म्याहून अधिक वाटा येत असल्याने दोन्ही चाकांत सारखी हवा भरण्यात अर्थ नाही. माझे वजन ७८ किलो आहे. पाच-पाच पीएसआय उतरवत मी मागे ६५ आणि पुढे ५५ वर स्थिरावलो. पावसाळ्यात पकड वाढावी म्हणून त्यातूनही थोडी हवा सोडतो.

एकदा हाव करून मागचे चाक ४५ वर आणले, तेव्हा खड्ड्याच्या कडेवर आपटून ट्यूब रिमखाली चिमटली आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडली. काटा किंवा काच घुसली, तर सहसा एकच भोक पडते.

दोन पंपांचे काटे क्वचितच जुळतात, त्यामुळे मी नेहमी एकच पंप वापरतो. वडिलांच्या २८ इंची जुन्या सायकलला मात्र रबरी नळीचा वॉल्व्ह आहे. त्यावर काटा भरवशाचा दाब दाखवत नाही, म्हणून तिथे अजूनही अंगठ्याने टायर दाबूनच अंदाज घ्यावा लागतो.