दोन वाक्यांच्या भूमिका

अमृतमहोत्सवी स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मनोगत मागताना ‘शाळेच्या आठवणी तर लिहाच, पण आपल्या कामाविषयीही लिहा’ अशी सूचना केली. मला या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. मी चरित्र अभिनेता आहे. नायिकेचे वडील, गावचे सरपंच, निवृत्त कारकून, न्यायाधीश आणि अलीकडे आजोबा अशा भूमिका मी चित्रपटांत आणि मालिकांत करत आलो आहे. प्रेक्षकांना माझा चेहरा ओळखीचा वाटतो, नाव मात्र सहसा आठवत नाही. आमच्या कामात ते तसेच असणे योग्य आहे, असे मी मानतो, कारण लोकांच्या लक्षात राहायचा तो भूमिकेतला माणूस.

आमच्या हाती येणारा मजकूर थोडा असतो. नायकाचे बालपण, त्याचे प्रेम, त्याची स्वप्ने हे सगळे लेखकाने तपशिलाने लिहिलेले असते. आमच्या वाट्याला मात्र ‘काका, वय साठ, प्रेमळ’ एवढीच ओळख येते. हा काका कोणत्या खात्यातून निवृत्त झाला, तो खुर्चीत टेकून बसतो की कडेवर, पैसे मोजताना बोट ओले करतो की नाही, हे नटाने स्वतः शोधायचे असते. ते शोधायला पाहिलेल्या माणसांचा साठा लागतो, आणि रोज, सलग, वर्षानुवर्षे पाहायला मिळालेली घराबाहेरची पहिली माणसे मला शाळेत भेटली.

आमचे शिपाईमामा टोल देत ते मी वर्गाच्या खिडकीतून पाहत असे. शेवटचा ठोका पडला की हातोडी काखेत धरून ते डावा तळवा त्या पितळी थाळीवर सपाट ठेवत आणि घुमणारा नाद तिथेच थांबवत, कारण थाळीच्या मागच्या भिंतीला लागून पहिलीचा वर्ग होता. पुढे अनेक वर्षांनी एका चित्रपटात मला तुरुंगात तासाचे टोल देणाऱ्या पहारेकऱ्याची भूमिका मिळाली. संवाद दोनच होते. तालमीत मी ठोके दिल्यानंतर नकळत तळवा थाळीवर ठेवला. दिग्दर्शकांनी कारण विचारले. ‘आतले लोक झोपलेले आहेत,’ असे मी सांगितल्यावर त्यांनी कॅमेरा हलवून त्या हाताचा वेगळा शॉट घेतला. त्या पहारेकऱ्याचे कैद्यांशी नाते काय आहे हे त्या हातातून कळले. ते शिपाईमामांचे देणे आहे.

दुसरे ऋण मराठीच्या सरांचे. स्नेहसंमेलनाच्या एकांकिकेत त्यांनी मला एकही वाक्य नसलेली भूमिका दिली होती. पंचायतीचा प्रसंग होता आणि मी पारावर बसून ऐकणाऱ्यांपैकी एक होतो. मी खट्टू झालेला पाहून सर म्हणाले, ‘अरे, तू नीट ऐकलेस तरच त्याचे बोलणे लोकांना खरे वाटेल.’ त्या वेळी मला ही समजूत घालण्याची भाषा वाटली. तिचा अर्थ कळला तो डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) निळू फुले यांना पाहिल्यावर. ‘सामना’तला त्यांचा बेरकी हिंदुराव महाराष्ट्राला पाठ होता, पण ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस बहुतांश वेळ पाहतो आणि ऐकतो. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी त्याच्यासमोरून जात राहतात, आणि त्या चेहऱ्यावर जे साचत जाते त्यामुळेच अखेरीस त्याचे वेड्यासारखे हसणे आपल्या अंगावर येते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेल्या आणि पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेल्या या नटाने ऐकणे हा अभिनयाचा किती मोठा भाग आहे ते दाखवून दिले. खलनायक म्हणून त्यांचे जेवढे कौतुक झाले तेवढे या भूमिकेचे व्हायला हवे होते, असे मला आजही वाटते.

सेटवर या ऐकण्याला प्रत्यक्ष कामाचे रूप असते. प्रसंगाचा आधी मास्टर शॉट होतो, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र टिपला जातो, मग एकेकाच्या खांद्यावरून समोरच्याला टिपणारे सजेशन आणि शेवटी चेहऱ्याचा क्लोज. मास्टरमध्ये ‘बाळा’ या शब्दावर चहाचा कप उचलला असेल तर प्रत्येक वेळी त्याच शब्दावर, त्याच हाताने उचलावा लागतो, नाहीतर संकलकाला जोडणी करता येत नाही. नायकाचा क्लोज सुरू असताना आपण कॅमेऱ्यात नसतो. अशा वेळी सहायक दिग्दर्शकाने कागद पाहून सपाट आवाजात क्यू, म्हणजे आपली वाक्ये, दिला तरी काम भागते, आणि पुष्कळदा तसेच भागवले जाते. मी मात्र कॅमेऱ्याशेजारी उभा राहून स्वतः क्यू देतो, मास्टरमध्ये दिला होता त्याच भावनेने, कारण समोरच्याच्या डोळ्यांत पाणी यायचे असेल तर ते कोणाकडे तरी बघून यावे लागते. पडद्यावर त्यातला माझा अंशही दिसत नाही. तरीही माझ्या दिवसभरातले सर्वांत मनापासून केलेले काम अनेकदा तेच असते.

शाळेनंतरचा माझा प्रवास या क्षेत्रातल्या अनेकांसारखाच झाला. महाविद्यालयात पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी, मग नोकरी सांभाळून राज्य नाट्य स्पर्धा, रजा जमवून केलेली चित्रपटांतली किरकोळ कामे, आणि दैनंदिन मालिकांचा काळ आल्यावर नोकरीचा राजीनामा. मालिकेने आम्हा मंडळींना नियमित काम दिले, हे कृतज्ञतेने सांगायला हवे. मात्र ते काम कष्टाचे आहे. बारा तासांची शिफ्ट असते, संवाद कित्येकदा मेकअप चालू असताना हाती पडतात, केलेल्या दिवसांचे पैसे साधारण तीन महिन्यांनी मिळतात, आणि कथेतला आपला ट्रॅक संपला की पुढच्या महिन्याचे काम कोणते हे कोणीच सांगू शकत नाही. या अनिश्चिततेत घर उभे राहिले ते माझ्या पत्नीच्या नोकरीवर.

माझ्या या बिरादरीतल्या दोन स्त्रियांचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ललिता पवार मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होत्या. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्यावर कायमचा परिणाम राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. त्या डोळ्यामुळेच त्या खाष्ट सासू म्हणून गाजल्या, असे सर्रास म्हटले जाते; ते मला पटत नाही. ‘अनाडी’तल्या (१९५९) मिसेस डिसा पाहाव्यात. तोच चेहरा, तोच डोळा, आणि त्या रागावण्यातून पाझरणारी माया! त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे १९८७ मध्ये दूरदर्शनवरच्या ‘रामायणा’त मंथरा झालेल्या ललिताबाईंना घराघरांतून शिव्याशाप मिळाले, तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या.

दुसऱ्या सुलभा देशपांडे, ज्या मुळात दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली त्यांची बेणारेबाई मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा भाग आहे. ‘आविष्कार’ संस्थेने १९७४ पासून त्याच शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके सुरू केली, आणि मुलांसाठी सुलभाताईंनी ‘चंद्रशाला’ हा बालनाट्य विभाग उभा केला. इतक्या मोठ्या अभिनेत्रीने ‘चौकट राजा’मध्ये गतिमंद नंदूची आई केली आणि ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये घरातली सासू केली, ती मुख्य भूमिकेइतक्याच निष्ठेने. नंदूला सांभाळणाऱ्या त्या आईच्या वावरण्यात वर्षांची सवय दिसते. असे काम वरवर पाहून साधत नाही.

एका शाळेच्या सभागृहातून मराठी रंगभूमीला एवढे मिळाले, म्हणून आपल्या शाळेच्या सभागृहाविषयी मला आस्था आहे. स्नेहसंमेलनातली एकांकिका आता होत नाही, तिच्या जागी ध्वनिमुद्रित गाण्यांवरची नृत्ये असतात, असे समजले. मुलांनी नाचावे, त्याला माझी हरकत असण्याचे कारण नाही. पण एकांकिकाही पुन्हा सुरू व्हावी अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे आणि त्यांनी ती आनंदाने मान्य केली आहे. डिसेंबरमध्ये तालमी सुरू होतील. मुख्य भूमिकांची तयारी शाळेतले शिक्षक घेतील. ज्यांच्या वाट्याला दोन वाक्ये येतील, किंवा एकही येणार नाही, त्या मुलामुलींच्या तालमी मी घेणार आहे, आणि त्यासाठी शूटिंगच्या तारखा मी आताच मोकळ्या ठेवल्या आहेत.