तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला पीसी, बजेट चाळीस हजार

"दादा, पहिला पीसी असेंबल करायचाय, बजेट ४० हजार, पार्ट्सची लिस्ट द्या ना." बारावीचा निकाल लागला, ॲडमिशनची पळापळ सुरू झाली की हा मेसेज हमखास येतो, आणि तोच तोच व्हॉइस मेसेज करून घसा बसतो, म्हणून आता एकदाच नीट लिहून टाकतो. मी दुकानदार नाही. सांगलीत विश्रामबागेकडं राहतो, दिवसा हिशेबाच्या ऑफिसात असतो आणि संध्याकाळी मित्रांचे, मित्रांच्या भावांचे, भाचरांचे पीसी जोडून देतो, मजुरी म्हणजे चहा आणि जमलं तर भेळ.

लिस्ट मी देत नाही, आधीच सांगतो. भाव आज एक उद्या एक. २०२५ संपता संपता रॅमचे भाव असे काही चढले, सगळी मेमरी एआयच्या डेटा सेंटरकडं चाललीय म्हणून, की त्याआधीची लिस्ट घेऊन काउंटरला गेलात तर समोरचा नुसता हसेल. त्यापेक्षा पैसे कुठं सोडायचे आणि कुठं हात आखडता घ्यायचा एवढं कळलं की पुरतं, मग भाव काय का असेना.

माझा पहिला प्रश्न असतो, ४० हजार मॉनिटर धरून का सोडून? इथं निम्मी पोरं गप्प होतात. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस, विंडोजचं लायसन्स, आणि स्वस्तातल्या बऱ्याच मदरबोर्डांना (ज्या पाटीवर बाकी सगळे पार्ट बसतात ती) वायफाय नसतं तर त्याचा डोंगल, हे सगळं बेरजेत धरा आणि मग उरलेल्या पैशात डबा, म्हणजे खुद्द पीसी, बनवायचाय हे घरी बाबांना पण आधीच सांगा, नाहीतर नंतर "अजून पाच हजार कशाला" वरनं जो तमाशा होतो तो मी बघितलाय.

आता माझं गणित. जी वस्तू नंतर दहा मिनिटात काढून दुसरी लावता येते ती आत्ता कमीतली चालते, आणि जी बदलायला सगळा पीसी उकलावा लागतो, किंवा जी गेली तर बाकीच्यांना घेऊन जाते, तिथं पैसे वाचवायचे नाहीत. म्हणजे रॅम, एसएसडी (फाइली साठवायची जागा), ग्राफिक कार्ड (गेमचं चित्र काढणारं) हे मागाहून वाढवता येतं. मदरबोर्ड आणि एसएमपीएस (सगळ्या पार्ट्सना वीज पुरवणारा) हे पहिल्या दिवशीच बरे घ्यायचे. आणि पोरं करतात बरोबर उलटं, कारण एसएमपीएसचा फोटो स्टेटसला कोण टाकणार.

एसएमपीएसबद्दल जरा जास्तच बोलतो, आपल्याकडं विषयच तो आहे. कॅबिनेटबरोबर "फुकट" येणारा असतो ना, हातात घेतला की हलका लागतो, स्टिकरवर ४५० वॅट लिहिलेलं असतं, त्या ४५० वर विश्वास ठेवू नका. कमी वॅटचा चालेल पण ओळखीच्या कंपनीचा आणि निदान ८० प्लस ब्रॉन्झ घ्या. ते ब्रॉन्झ म्हणजे निम्म्या लोडवर साधारण ८५ टक्के वीज कामाला लागते, बाकीची उष्णता होऊन जाते, आणि एप्रिल-मेच्या सांगलीत खोलीत आणखी उष्णता कुणालाच नकोय. पण खरं कारण ते नाही. खरं कारण म्हणजे लाईट. आपल्याकडं वळवाचा पाऊस आला की लाईट नुसती जात नाही, जाते-येते-जाते असा खेळ करते, आणि घरात इन्व्हर्टर असला तरी लाईटवरनं बॅटरीवर जायला त्याला थोडा वेळ लागतो. चांगला एसएमपीएस त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरच्या जोरावर साधारण १६-१७ मिलीसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरला मागं किंवा पुढं एक बटण असतं, त्यात यूपीएस मोड असतो, तो लावला की तो साधारण तेवढ्याच वेळात बदलतो आणि पीसी चालू राहतो. नॉर्मल मोडला ठेवलात तर ट्यूब नुसती लुकलुकते, फॅनला काही कळत नाही, पण पीसी रीस्टार्ट. कितीतरी जणांनी "रॅम खराब आहे काय" म्हणून फोन केलाय आणि निघालंय ते बटण. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्या, तो बहुतेक ३६० वॅटचा असतो, काही मिनिटं मिळतात, तेवढ्यात सेव्ह करून बंद करायचं, त्यावर गेम पुरी करायला बसू नका.

आणि अर्थिंग! गावभागातल्या जुन्या घरात पीसी जोडला, कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला सहज बोट लागलं आणि झिणझिण्या आल्या, की पोरगं म्हणतं दादा एसएमपीएस खराब लागला. खराब नाही. एसएमपीएसच्या आत शिरतानाच एक फिल्टर असतो, त्यातले बारके कपॅसिटर पत्र्याच्या बॉडीला जोडलेले असतात आणि त्यांची गळती अर्थिंगमधनं जमिनीत जायला हवी. अर्थिंगच नसेल तर बॉडीवर निम्मा व्होल्टेज चढून बसतो, करंट अगदी थोडा म्हणून नुसत्या मुंग्या. भिंतीतल्या थ्री-पिनला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागं वायर असतेच असं नाही. वायरमनला बोलवा, तपासून घ्या, गरज असली तर मीठ-कोळशाचा खड्डा करून घ्या. हा खर्च पीसीच्या बजेटमध्ये नसतो पण ग्राफिक कार्डच्या आधी हा करा, घरातल्या फ्रीजचं आणि वॉशिंग मशीनचं पण भलं होईल.

आता ती जाहिरात. "आय५ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी", मॉनिटरसकट, आणि भाव असा की तुमच्या बजेटमधनं निम्मे पैसे उरतील. खाली बारीक अक्षरात बघायचं, कितव्या जनरेशनचा, म्हणजे पिढीचा, आय५ (इंटेलचा प्रोसेसर). बऱ्याचदा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या, म्हणजे २०११-१२ चा माल, वर नाव नसलेला नवा कोरा बोर्ड आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीबेरंगी पंखे. बडा घर पोकळ वासा. इंटेलमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या जनरेशनपासून पुढं चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्ही मागं. नुसतं आय५ म्हणून काही कळत नाही, आजचा आय३ त्या आय५ ला सहज मागं टाकतो.

प्रोसेसरमध्ये या बजेटला मी दोनच नावं घेतो. अभ्यास, कोडिंग, टॅली, टायपिंग एवढंच असेल तर इंटेलचा आय३ १२१००, चार कोर आठ थ्रेड, २०२२ चा आहे पण कामाला चपळ. त्याच्या पुढं एफ लावलेला येतो तो थोडा स्वस्त असतो, त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे वेगळं कार्ड घेतल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही, तेव्हा ते एक अक्षर नीट वाचा. आणि गेम पण खेळायच्यात, कार्डाला पैसे नाहीत, असं असेल तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी, सहा कोर, आतलं ग्राफिक्स त्या मानानं दणकट, व्हॅलोरंट आरामात चालतं, जीटीए फाईव्ह सेटिंग कमी करून. घेताना बॉक्सवाला घ्या. ट्रे प्रोसेसर म्हणून सुटा देतात, स्वस्त पडतो, पण बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ट्रेवर दुकानदार म्हणेल ती.

बोर्ड घेताना रॅम कुठली लागते ते बघा, त्याच १२१०० साठी डीडीआर४ चा पण बोर्ड येतो आणि डीडीआर५ चा पण, नाव जवळपास सारखं, आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. ५६००जी असेल तर दुकानातच विचारा बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केलाय का, जुना बोर्ड पडून राहिलेला असला की प्रोसेसर ओळखतच नाही.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन. ५६००जी ला तर हे फार महत्त्वाचं, कारण त्याच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तो हीच रॅम वापरतो, आणि दोन कांड्या म्हणजे एकाऐवजी दोन नळ सुरू. पैसे कमी पडले तर आठची एक आत्ता आणि तशीच दुसरी दिवाळीला, चालतंय. एसएसडी ५०० जीबी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान), बास. हार्डडिस्क नंतर.

ग्राफिक कार्ड पण नंतर. सेकंडहँडचा मोह होतो, कबूल, पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक कार्डं राबवून ते चलन कमावणं) बंद झालं तेव्हा रात्रंदिवस राबवलेली कार्डं बाजारात ओतली गेली आणि ती अजून हातोहात फिरतायत. आरएक्स ५८० म्हणून जे दाखवतात त्यात २०४८ एसपी नावाची कापलेली आवृत्ती पण असते, मूळ ५८० ला २३०४ कोर, तर पैसे द्यायच्या आधी समोर चालू करून जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा बघा. आणि आपल्या भागात सेकंडहँड बोर्ड तर मुळीच नको. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांनंतर भिजलेले बोर्ड धुऊन वाळवून विकायला आलेले मी हातात घेतलेत, वरनं चकाचक, आणि रॅमच्या स्लॉटमध्ये बॅटरी मारून बघितलं तर पिनांच्या मुळाशी कृष्णेचा गाळ.

कॅबिनेटमध्ये काच नको, पुढं जाळी हवी. पण जाळी म्हणजे धूळ आलीच. मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत्याकडचा पीसी उघडला होता, गरम होऊन बंद पडतोय म्हणून, तर प्रोसेसरच्या फॅनची पाती पिवळीधमक, हीटसिंकच्या फटीत हळद घट्ट बसलेली, ब्रशनं काढताना ऑफिसभर वास. तुमच्याकडं हळद नसेल, फुफाटा असेल, तर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, फॅन बोटानं धरून मारा, तो गरागरा फिरू देऊ नका.

कुठनं घ्यायचं? ऑनलाइन स्वस्त पडतं हे खरं, पुण्याला जाऊन पण दोन पैसे सुटतात. तरी बोर्ड आणि एसएमपीएस मी इथल्याच दुकानातनं घ्यायला सांगतो, बंद पडला तर डबा उचलून घेऊन जाता येतं. "बिल नको असेल तर कमी करतो" म्हटलं की हसून नको म्हणायचं, १८ टक्के जीएसटी द्यायचा, आणि बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर लिहून घ्यायचा, काउंटरवर उभं राहूनच बॉक्सशी ताडून बघायचा.

जोडायचं काय अवघड नाही. ५६००जी च्या कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, दांडी वर करा, प्रोसेसर नुसता सोडा, आपोआप बसतो, दाबायचा नाही, बसत नसेल तर उलटा आहे. रॅम मात्र टक वाजेपर्यंत दाबायची, इथं पोरं घाबरतात. सगळं कॅबिनेटमध्ये कसायच्या आधी एकदा बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून चालू करून बघा. डिस्प्ले नाही आला तर मला फोन करायच्या आधी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरची वेगळी पॉवर केबल लागते ती लावलीय का बघा. बहुतेक तीच राहिलेली असते. लावलेली असूनही नसेल येत तर रविवारी सकाळी डबा घेऊन या, आणि स्क्रू एका वाटीत घालून आणा.