बिदर: गावानचा मदरसा आणि अष्टूर

दामाजीपंतांच्या गोष्टीतलं बेदर ते हेच बिदर. उदगीरहून सकाळी निघालो आणि ऊन चढायच्या आत महमूद गावानच्या मदरशासमोर येऊन उभा राहिलो.

समोरचा एकच मिनार शिल्लक आहे. त्याच्याभोवती नागमोडी पट्ट्यांत बसवलेल्या निळ्या-पिवळ्या चिनी मातीच्या फरशा अर्ध्याअधिक गळून गेल्यात, पण उरल्यात त्यांचा निळा रंग पाचशे वर्षांनंतरही ताजा आहे. १६९६ साली, मोगलांच्या ताब्यात असताना, इथे दारूचा स्फोट झाला. दुसरा मिनार, दरवाजा आणि बरीचशी दक्षिण बाजू त्यात गेली. ज्ञानाच्या घरात दारूगोळा! संताप येतो.

गावान इराणच्या गिलान प्रांतातला. व्यापारी म्हणून दख्खनेत आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. मधल्या चौकात उभं राहिलं की त्याच्या मनात काय होतं ते कळतं. मशीद, ग्रंथालय, व्याख्यानाच्या खोल्या, शिक्षक-विद्यार्थ्यांची बिऱ्हाडं, सगळं एका चौकाभोवती, तीन मजल्यांत. नमाज आणि अभ्यास यांच्यात अंतर पावलांचंच. इमारतीचा कालश्लेषही (अक्षरांच्या ठरलेल्या आकडी किमतींच्या बेरजेतून साल सांगणारी ओळ) प्रार्थनेतूनच काढलेला: ‘रब्बना तकब्बल मिन्ना’, हे प्रभो, आमच्याकडून एवढं स्वीकार. काबा बांधताना इब्राहिम आणि इस्माईल यांनी केलेली ही कुराणातली विनवणी. अक्षरांच्या किमती मांडून मी तिथेच बेरीज केली. ८७६ हिजरी, म्हणजे इ.स. १४७१-७२. एखाद्या विद्यापीठाची याहून सुंदर कोनशिला मला माहीत नाही.

हा वजीर स्वतः चटईवर झोपायचा, मातीच्या भांड्यांत शिजलेलं खायचा, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे सुलतानाने त्याला ठार मारवलं.

तिथून अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी पाहायला गेलो. अहमदशहा वलीच्या घुमटात मिट्ट काळोख. राखणदाराने दारातून आरशाने ऊन आत फेकलं आणि छतावरची सोनेरी, शेंदरी अक्षरं एकेक करून उजळत गेली. सूफी गुरुपरंपरेची वंशावळ तिथे लिहिलेली आहे. या सुलतानाने किरमानच्या शाह नियामतुल्लांना गुरू मानलं आणि त्यांचे वंशज बिदरला आणवले. लिंगायत मंडळीही त्याला मानतात; उरुसाला जंगमस्वामी येतात. पुढच्या खेपेला उरुसाची तिथी बघूनच निघायचं ठरवलंय.