बेन्नूचे दगड

आज सुट्टी होती, ती सगळी बेन्नू या लघुग्रहाचे फोटो बघण्यात गेली. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने काढलेले. जेमतेम अर्धा किलोमीटर रुंदीचं हे जग, आणि एकेक फोटो मोठा करून बघताना वेळेचं भानच राहत नाही.

यान २०१८ च्या डिसेंबरात तिथे पोहोचण्याआधी दुर्बिणींच्या निरीक्षणांवरून वाटत होतं, पृष्ठभाग बारीक खड्यांचा, बराचसा सपाट असेल. फोटोंत दिसले नुसते दगडच दगड! दगडमातीचा नमुना घ्यायला उतरण्यासाठी पन्नास मीटर रुंद मोकळी जागा मिळेल असं गृहीत धरलं होतं. शेवटी निवडलेली ‘नाइटिंगेल’ नावाची जागा त्यापेक्षा कितीतरी लहान. मग यानाने खाली उतरता उतरता स्वतःच फोटो काढून आधीच्या नकाशाशी ताडून पाहिले आणि वाट धरली. पृथ्वीवरून सूचना पोहोचायलाच अठरा मिनिटं लागत होती, दुसरा मार्गच नव्हता. मला यातलं हेच सगळ्यात थोर वाटतं.

२० ऑक्टोबर २०२० ला यानाचा हात टेकला तो थेट आत रुतला. दगड एकमेकांना जवळजवळ धरूनच नव्हते! स्पर्शाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून बघा, उडालेला धुरळा बघा. मुलांना तर नक्की दाखवा.