तीन बोटं

सुरुवात एका उकडलेल्या अंड्यापासून झाली.

आमच्या चर्चच्या आवारामागे पडीत जागा आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातलं. तिथं फक्कीनं 400 मीटरचा गोल आखलेला आहे आणि पहाटे साडेपाचपासून पोरं धावतात. चार फेऱ्या म्हणजे 1600 मीटर. पोलीस भरतीत हे अंतर 5 मिनिटे 10 सेकंदांत कापलं की 20 पैकी 20 गुण. शंभर मीटर आणि गोळाफेक धरून मैदानी परीक्षा 50 गुणांची. आमच्याकडची पोरं कापसाचा भाव एकवेळ विसरतील, पण हे आकडे त्यांना झोपेतही पाठ असतात. बारावी झालेली, कॉलेज अर्धवट सोडलेली, घरी दोन-तीन एकर कोरडवाहू. भरतीखेरीज दुसरं दार त्यांना दिसत नाही.

मी चर्चच्या वतीनं युवकांचं काम पाहतो. मैदान, अभ्यासाची खोली, ऑनलाइन अर्ज भरून देणं आणि धावून झाल्यावर प्रत्येकाला दोन अंडी. कापणीच्या सणाला मंडळी जे धान्य-भाजी आणतात त्याचा लिलाव होतो, त्यातून अंड्यांचा खर्च भागतो. तिसेक पोरं येतात, त्यातली ख्रिस्ती चार. अंड्यासाठी किंवा खोलीसाठी कुणाला उपासनेला बसावं लागत नाही. रविवारी संध्याकाळी युवकांची सभा असते, ज्याला यायचं तो येतो.

तो पोरगा (नाव लिहीत नाही) आमचा सगळ्यात वेगवान. 5 मिनिटे 4 सेकंद. वय एकोणीस. बाकीची पोरं अंडं सोलून दोन घासांत संपवतात. तो मात्र आवाराच्या भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि अंड्याचे बारीक बारीक तुकडे करून बोटानं ओठांच्या कोपऱ्यातून आत सारत होता. पिवळा बलक बोटांना चिकटला होता, तो चाटायलाही जीभ नीट बाहेर येत नव्हती. माझे वडील यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या (पाळकांच्या कॉलेजच्या) मेसमध्ये स्वयंपाकी होते, 1983 साली सेमिनरी पुण्याला गेली तोपर्यंत. ते सांगायचे, पंगतीत वाढताना कोण कमी खातंय त्याच्याकडे लक्ष ठेवत जा. त्या सकाळी मला ते आठवलं म्हणून मी जवळ गेलो.

"तोंड उघड बरं जरा."

तो म्हणाला, "उघडलंच आहे नं भाऊ."

त्यानं खरंच पूर्ण उघडलं होतं. त्यापुढे ते जात नव्हतं. मी त्याला त्याचीच बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगितली. धडधाकट माणसाची तीन बोटं जातात. त्याची दोन कशीबशी गेली आणि डोळ्यांत पाणी आलं.

कधीपासून, तर वर्ष झालं असेल म्हणाला. तिखट खाल्लं की आग होते. भाजी धुऊन खातो. भाकर कालवूनच खावी लागते. खर्रा आठवीपासून.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून देतात. 2012 मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा समोर बसून हातानं घोटला जातो, म्हणून पोरांना तो गुटख्यासारखा वाटतच नाही. वेचणीला जाणाऱ्या बाया, ट्रकवाले, शाळेतली पोरं, सगळ्यांच्या खिशात नाहीतर कमरेला पन्नी. भूक मरते, झोप उडते. बाप पोरालाच ठेल्यावर पाठवतो, तिथूनच लागतं.

दोन वर्षं मी युवकांच्या सभेत व्यसनावर बोलत होतो. शरीर हे देवाचं मंदिर आहे, हे किती वेळा सांगितलं असेल. आणि या दोन वर्षांत एकाही पोराचं तोंड उघडून पाहिलं नव्हतं. हे मला फार लागलं, अजून लागतं.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. कवेलूचं घर, ओसरीवर आई तुरीच्या शेंगा सोलत होती. मी नागपूरला डेंटलमध्ये दाखवू म्हटलं. त्याचा काका दारातच उभा होता. "नागपूरले नेऊन काय करता? पाण्यात बुडवून आनता का पोट्ट्याले?" असं तो म्हणाला. त्याच्यावर मला राग आला नाही. आमच्याबद्दल गावात काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे, आणि कुठेतरी कुणीतरी मदतीचं लालूच दाखवून माणसं धर्मात ओढली असतील तर त्या काकाचा संशय रास्तच आहे. मी एवढंच म्हणालो, की घरचं कुणीतरी सोबत चला, मी बोलेन ते सगळं ऐका. काका गप्प झाला. आई शेंगा बाजूला सारून म्हणाली, "मी येतो सोबत."

पहाटेच्या एसटीनं निघालो. वरोरा, जांब, बुटीबोरी, नागपूर. आईला बायांच्या सवलतीचं अर्धं तिकीट, तरी पैसे देताना तिनं ते दोनदा मोजले. जांबला गाडी थांबली तेव्हा तिनं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. पोरानं भाकर पाण्यात भिजवली आणि ठेच्याकडे हात नेला नाही. आई मला म्हणाली, "लहानपनी ठेच्याबिगर जेवत नोता हा." वर्षभर तो भाजी धुऊन खात होता, ते तिला दिसत नव्हतं असं नाही. पोटाचं काही असेल असं ती धरून चालली होती.

मेडिकल चौकाजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात केसपेपरची रांग, मग मुखरोग विभागाची रांग. त्या दुसऱ्या रांगेत मी आजूबाजूला पाहिलं आणि पोटात गोळा आला. बहुतेक सगळे विशीतले. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ. एकमेकांशी बोलताना सगळ्यांचे ओठ सारखेच कमी हलत होते.

तपासणारी डॉक्टर तरुण होती. तिनं दातांमध्ये पट्टी धरली आणि आकडा सांगितला, 24 मिलिमीटर. चाळीसच्या आसपास असायला हवं. सुपारी खातोस का विचारल्यावर पोरगा म्हणाला, नाही, फक्त खर्रा. ती म्हणाली, "अरे, खर्ऱ्यात सुपारीच तर असते." मग तिनं हातमोजा घातलेलं बोट त्याच्या गालाच्या आत फिरवलं आणि मलाही बॅटरीच्या उजेडात पाहू दिलं. गुलाबी असायला हवं ते आतलं कातडं पांढुरकं, फिकट, आणि त्याखाली उभ्या दोऱ्या ताणल्यासारखे पट्टे. सुपारीनं आतली कातडी आखडत जाते, तिनं समजावलं. आखडलेलं पूर्ण पूर्वीसारखं होत नाही. खर्रा सुटला तर वाढ थांबू शकते, इंजेक्शन आणि व्यायामानं थोडं उघडतं. न सुटला तर अशा तोंडात पुढे कॅन्सर व्हायचा धोका असतो. डाव्या गालात एक पांढरा चट्टा होता, तिथला तुकडा काढून तपासायला पाठवायचं ठरलं.

तुकडा शब्द ऐकला आणि आई भिंतीला टेकून खालीच बसली. डॉक्टर उठून तिच्यासमोर उकिडवी बसली. म्हणाली, "आई, तुम्ही पण दाखवा बरं तोंड." आईनं पदर तोंडावर घेतला. कमरेच्या पिशवीत तिचीही पन्नी होती, ते पोराला माहीत होतं, मला नव्हतं. तो म्हणाला, "दाखव नं माय." तिचं माप निघालं 31. पोराच्या पेपरमागे डॉक्टरनं तेही लिहून ठेवलं आणि तिचा वेगळा केसपेपर काढायला मला पाठवलं.

त्यानंतर बराच वेळ बाकावर थांबायचं होतं. तिथे आई मला म्हणाली, "भाऊ, तुमी बोला नं तुमच्या देवाजोळ याच्यासाठी. मी वनीच्या जैताईले बोलली हाय. तुमीबी बोला."

मी घुटमळलो. आदल्या संध्याकाळचा काका डोळ्यांसमोर आला. आजाराच्या दारात बसलेल्या बाईसमोर प्रार्थना करणं म्हणजे तिच्या भीतीचा फायदा घेणं तर नाही ना, असं वाटून गेलं. पण येशू वाटेवरच्या आंधळ्याजवळ थांबला तेव्हा तुला काय हवं हे त्यानं त्यालाच विचारलं होतं, आणि इथे तर ही बाई स्वतः मागत होती. तिनं मागितलेलं अंडं मी दिलं असतं, तिकीट दिलं असतं. प्रार्थना मागितली तर ती का अडवून ठेवायची? दोन्ही सारख्याच मोकळ्या हातांनी द्यायच्या. मी डोळे मिटून हळू आवाजात चार वाक्यं बोललो. पोराचं नाव घेतलं, आईचं घेतलं, आत सुई धरून असलेल्या डॉक्टरसाठी मागितलं. जैताईला सोड असं तिला म्हणालो नाही, म्हणावंसं वाटलंही नाही. माझा देव त्या बाकावर आमच्याजवळ होता, एवढी माझी खात्री होती. आमेन झाल्यावर आईनं हात जोडले आणि कपाळाला लावले.

रिपोर्ट काही दिवसांनी आला. कॅन्सर नाही. पण दर थोड्या दिवसांनी तपासत राहायचं, आणि सहा आठवडे दर आठवड्याला गालाच्या आत इंजेक्शन. व्यायाम असा, की आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तसतशी एकेक वाढवायची. पहिल्या दिवशी बारा बसल्या.

खर्रा सोडणं सोपं गेलं नाही. पहिला आठवडा चिडचिड, डोकं दुखणं, रात्री झोप नाही. धावायची वेळ साडेपाच मिनिटांवर गेली. तिसऱ्या आठवड्यात त्यानं एकदा खाल्ला, आणि स्वतःहून येऊन सांगितलं. मी शिक्षा केली नाही, प्रवचनही दिलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघं फक्त दोन फेऱ्या चाललो. चर्चमधल्या एका निवृत्त नर्सबाई रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून काड्या मोजतात. सोबत त्याची आईही येऊन बसते. तिची पन्नी पूर्ण सुटलेली नाही, दिवसाला तीनवरून एकावर आली आहे.

त्या महिन्यातच मैदानावर मी सगळ्यांना तीन बोटांची तपासणी करायला लावली. एकतीस पोरांपैकी सात जणांची तिन्ही बोटं गेली नाहीत. त्यातला एक आमच्या चार ख्रिस्ती पोरांपैकी, दर रविवारी पहिल्या रांगेत बसून गाणारा. हल्ली तो हळू गातो हे मी ऐकत होतो, लाजतो असं समजत होतो.

काल आमच्या त्या वेगवान पोराची चौदावी काडी बसली. अंड्याचे अजून तुकडे करतो, पण चार. आणि भिंतीकडे तोंड करून बसत नाही.

मंगळवारी पहाटेच्या गाडीनं सातातल्या तिघांना घेऊन नागपूरला जायचं आहे. चौथ्याचे वडील नको म्हणताहेत. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार आहे, आणि या वेळी तो काका माझ्यासोबत यायला तयार झाला आहे.