खांबांच्या खड्ड्यांवर उभे राहिलेले घर

लाकडी खांब कुजून जातो, पण तो रोवण्यासाठी खणलेल्या खड्ड्यातील मातीचा रंग आजूबाजूच्या मातीहून वेगळा राहतो, आणि लोहयुगातील घराचा पुरावा म्हणून उत्खनकाच्या हाती बहुधा एवढेच लागते. छप्पर किती उंच होते, धूर कुठून जात होता, भिंतीने किती पावसाळे काढले असतील, हे खड्डे सांगत नाहीत. ते पाहायचे तर घर बांधून त्यात चूल पेटवावी लागते. दक्षिण इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात पुरातत्त्वज्ञ पीटर रेनॉल्ड्स यांच्या देखरेखीखाली १९७२ पासून बट्सर एन्शंट फार्मवर हेच काम सुरू झाले. इंदूरहून आमच्याकडे राहायला आलेल्या आत्याला मी लंडनचा राजवाडा दाखवण्याआधी तिथे नेले, कारण तिचे बालपण निमाडात, मातीच्या घरात गेले आहे.

तिथले सर्वांत मोठे गोल घर लिटल वुडबरी येथील अवशेषांवरून बांधलेले आहे. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या गेऱ्हार्ड बेर्सू यांनी १९३८-३९ मध्ये विल्टशायरमधील ही जागा खणली. तोपर्यंत त्या काळचे लोक जमिनीतल्या खड्ड्यांत राहत असत, असा अनेक अभ्यासकांचा समज होता. बेर्सू यांनी ते खड्डे धान्याचे होते आणि माणसे सुमारे १५ मीटर व्यासाच्या ऐसपैस लाकडी घरात राहत होती, हे दाखवून दिले.

आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो. मध्यभागी चूल धुमसत असते आणि शाकारलेल्या छपराला धुराडे तर नाहीच, पण साधे भोकही नाही. आधी हे चुकीचे वाटते. रेनॉल्ड्स यांचे म्हणणे असे, की वर भोक ठेवले तर हवा जोराने वर खेचली जाईल, जाळ भडकेल आणि ठिणग्या थेट गवताला भिडतील. भोक नसेल तर धूर छपराखाली साचून हळूहळू गवतातून झिरपत बाहेर पडतो आणि वर उडालेली ठिणगी त्या थरात विझते. उभे राहिल्यावर माझे डोळे चुरचुरत होते, चुलीशेजारच्या बाकावर बसल्यावर मात्र धूर डोक्यावरून जाऊ लागला. बसूनच वावरायचे घर आहे हे, हे कोणत्याही फलकाने मला इतके नीट सांगितले नसते.

आत्याचे लक्ष मात्र भिंतीकडे होते. हेझेल नावाच्या झुडपाच्या फोका विणून केलेला कूड, त्यावर चिकणमाती, शेण आणि पेंढा यांचे लिंपण, तिने तडा गेलेल्या जागेवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "शेण कमी पडलंय रे यात. आणि वरून पोतेरं फिरवत नाहीत वाटतं." मी हे तिथल्या कार्यकर्तीला इंग्रजीत सांगितले, तेव्हा तिने हसत मान्य केले, की डागडुजी इथे कधी संपतच नाही. (त्यानंतर त्या दोघींत खुणांनीच जे संभाषण झाले, त्यात माझी गरज उरली नाही.)

धान्याच्या खड्ड्यांचा प्रयोगही रेनॉल्ड्स यांनी केला. आपल्या पेवासारखाच प्रकार: धान्य भरून तोंड मातीने घट्ट बंद करायचे. ओल्या कडेचे थोडे दाणे मोडावतात, आतला प्राणवायू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे उरलेले धान्य निद्रिस्त राहते. पुढच्या हंगामात ते पेरताही येते. निमाडातल्या जुन्या शेतकऱ्याला यात नवल वाटले नसते, पण पुरातत्त्वाला ते मोजून दाखवावे लागले.

इंदुरातल्या वाचकांना यासाठी इंग्लंड गाठण्याची गरज नाही. महेश्वरच्या घाटासमोर, नर्मदेपलीकडे नावडाटोली आहे, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात तिथे ताम्रपाषाणयुगीन वसाहत खणली, तेव्हा गोल आणि चौकोनी झोपड्यांचे खांबखड्डे आणि गव्हाचे जळके दाणे सापडले. ती वस्ती लिटल वुडबरीहून हजारभर वर्षांनी जुनी आहे. त्या खड्ड्यांवर एखादी झोपडी उभी करून तिला निमाडातले लागोपाठ काही पावसाळे काढू द्यावेत, असे मला फार वाटते. इंग्लंडच्या रिपरिपीत टिकलेले लिंपण आपल्या आषाढात टिकेलच असे नाही, आणि ते किती शेण घालून, किती वेळा करायचे, हे सांगणाऱ्या बायका त्या भागातल्या गावांत आजही आहेत.